एसीची सर्व्हिसिंग आणि सासूबाईंचा नियम



फाल्गुनातलं अष्टान्हिका पर्व संपलं की आमच्या सांगलीत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. गच्चीवर पापड वाळायला पडतात आणि घरोघरी एसीवाल्याची शोधाशोध सुरू होते. पापडांचं आपण महिनाभर आधी ठरवतो, एसीवाल्याला मात्र घाम फुटल्यावर फोन करतो. मग तो "उद्या येतो ताई" म्हणतो आणि हा उद्या चैत्र सरला तरी उगवत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की सर्व्हिसिंग माघात उरकून घ्या. मेकॅनिक मोकळा असतो, घाई करत नाही. आणि पक्ष्यांची घरटी बहुतेक व्हायची असतात. हे दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते का, ते पुढे येईलच.

आमच्या महिला मंडळाच्या स्वाध्यायात एका ताईंनी विचारलं होतं, "एसी लावणं म्हणजे वायुकाय आणि अग्निकाय जीवांची हिंसाच ना? मग एसीची निगा राखायच्या गोष्टी आपण कशाला करायच्या? बंदच ठेवावा." प्रश्न खरा आहे. ज्यांना बंद ठेवणं जमतं त्यांना माझा नमस्कार. मुनी महाराज तर साधा पंखाही लावून घेत नाहीत. पण आपण श्रावक. आरंभी हिंसा आपल्याला पूर्णपणे सुटत नाही, ती कमी करत जायची असते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातला पाचवा प्रमादचर्या, म्हणजे माती, पाणी, अग्नी आणि वारा यांचा निष्कारण आरंभ करणं, विनाकारण झाडं तोडणं, उगीच भटकणं. माझं लक्ष तिथल्या 'निष्कारण' याच शब्दापाशी अडतं. धुळीनं जाळी बुजलेला एसी रात्रभर घरघरतो, खोली काही गार होत नाही, मीटर मात्र पळत राहतं. तेवढी वीज जळली, तेवढा वारा घुसळला, हाती काय लागलं? निगा न राखलेलं यंत्र मला सरळसरळ प्रमादचर्येत बसणारं वाटतं.

आमच्या घरात हा प्रश्न पुस्तकातला राहिला नाही. सासूबाई ७९ वर्षांच्या. चाळीस वर्षं झाली, सूर्यास्तानंतर त्यांनी पाण्याचा थेंब घेतलेला नाही. अलीकडे हृदयाचा त्रास सुरू झाला, सकाळी लघवी जास्त होण्याची गोळी असते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पहाटे चारला त्या न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडल्या. नशिबानं हाड मोडलं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आजी, रात्री पाणी तरी घ्या, नाहीतर गार खोलीत तरी झोपा. रात्रभर घाम गाळायचा, वर पाणी नाही, वर ही गोळी, हे या वयात चालणार नाही."

घरी आल्यावर त्या दिवसभर गप्प होत्या. संध्याकाळी दिवे लागायच्या आत जेवण उरकलं तेव्हा म्हणाल्या, "पाण्याचं काही मला सांगू नका."

मी म्हटलं, "आई, पाण्याचं मी सांगतच नाही. एसीचं सांगते."

"अगं, एका म्हातारीसाठी एवढा आरंभ? वाऱ्याचे जीव, विजेचे जीव…"

"तुमचा नियम टिकावा म्हणूनच सांगतेय. पुन्हा पडलात आणि दवाखान्यात सलाईन लावलं, तर ते रात्री लावायचं की दिवसा, हे तुम्हाला कुणी विचारणार नाही."

त्यावर त्या हसल्या. पण हो म्हणाल्या नाहीत.

मधे कूलरचा विचार झाला. तुमच्याही घरी होत असेल, म्हणून सांगते. कूलरला वीज खूप कमी लागते हे खरं. आमच्या भागात मार्च-एप्रिलची हवा कोरडी, त्यामुळे तो गारवाही बरा देतो. पण टाकीत पाणी भरून ठेवायचं, ते गवताच्या पॅडवर फिरत राहायचं. आपण पिण्याचं पाणी दुहेरी कपड्यातून गाळून घेणाऱ्या बायका, आणि इथं वीस-तीस लिटर पाणी दिवसेंदिवस उभं. चार दिवसांत डासांच्या अळ्या दिसायला लागतात. टाकी रोज रिकामी करून, पुसून, वाळवून वापरणार असाल तर गोष्ट वेगळी. शिवाय वळवाचा पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर गार करत नाही, नुसता ओलावा वाढवतो. सासूबाईंनीच तो नको म्हटलं. "त्यातले जीव तर डोळ्यांना दिसतात गं," हे त्यांचं कारण.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला, आणि तो मला फार आवडला. भोगोपभोग परिमाण व्रतात वस्तू मर्यादित काळासाठीही ठरवून घेता येते, एक दिवस, पंधरवडा, महिना, ऋतू. त्यांनी कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेवर लिहिलं: पाडव्यापासून मृग लागेपर्यंत. रात्री दहा ते पहाटे पाच. एकच खोली. आकडा २७. नात तिथेच झोपेल, म्हणजे दुसऱ्या खोलीत एसी लागणार नाही. खाली सही केली. कॉलेजात जाणाऱ्या नातीला आजीनं असं बांधून घेतलं, ती थोडी कुरकुरली, पण झोपायला लागली.

२७ या आकड्याचं सांगते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या खोलीतल्या एसीला २४ अंश हा सुरुवातीचा आकडा कारखान्यातूनच लावून येतो. वीज बचतीचं काम पाहणारी सरकारची बीईई ही संस्था सांगते की आकडा एक अंशानं वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. २७ वर ठेवून पंखा एकवर फिरता ठेवला तर म्हाताऱ्या माणसाला तो गारवा पुरतो, अंगही आखडत नाही. १८ वर लावून वर दुलई पांघरणाऱ्या घरांत मी जाऊन आले आहे. तिथं मी काही बोलत नाही, पण मनात प्रमादचर्या हा शब्द येतोच.

आता एसीकडे वळू. सासूबाईंच्या खोलीत २०१२ साली मामंजींच्या आजारपणात बसवलेला दीड टनाचा एसी होता. ते गेल्यावर नणंदा माहेरी आल्या तरच चालायचा. गेल्या वर्षी मेकॅनिक आला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "गॅस संपलाय ताई. तीन हजारांत भरून देतो."

मैत्रिणींनो, हे वाक्य लक्षात ठेवा. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, वर्षानुवर्षं तोच. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता नुसता भरला तर तो पुन्हा जाणार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीन हजार. नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचा फेस लावून गळती शोधायला सांगा. आमच्या मेकॅनिकनं जरा नाराजीनंच ते केलं. आतल्या युनिटची कॉइलच सडली होती, आणि त्या जुन्या मॉडेलची कॉइल मिळत नव्हती. त्यात गॅस होता 'बावीस नंबर', म्हणजे आर-२२. तो ओझोनच्या थराला मारक, म्हणून जगभर हटवला जातोय. शिवाय हवेत गेलेला एक किलो आर-२२ तापमानवाढीच्या हिशेबानं सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका पडतो. म्हणजे दरवर्षी गळका एसी भरत राहणं हे नुसतं पैशांचं नुकसान नव्हतं. नवा घ्यायचा ठरला.

पण बाहेरच्या युनिटमागे पाहिलं तर कबुतराचं घरटं. दोन अंडी. मादी बसलेली.

मेकॅनिक म्हणाला, "काढून टाकतो, रोजचंच आहे." मी त्याला चहा देऊन बसवलं आणि सासूबाईंना बोलावलं. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "ती उडेपर्यंत मी पंख्याखाली झोपते." कबुतराची अंडी फुटायला साधारण अठरा दिवस, पिल्लं उडायला पुढे महिना. म्हणजे पुरा एप्रिल आणि निम्मा मे. पारा चाळिशीला टेकलेला. त्या पहाटे न्हाणीच्या दारात सासूबाईंना उचलणारी मी होते. अंडी काढा असं माझ्या तोंडून निघणार नव्हतं, पण त्यांना सहा आठवडे तशा झोपू द्यायलाही माझं मन तयार नव्हतं.

मग नीट विचार केला. घरटं जुन्या युनिटवर आहे, तर नवं युनिट तिथंच हवं असं कुठं आहे? जुन्याचा एमसीबी पाडून ठेवला, त्यावर चिकटपट्टी लावून 'चालू करू नये' असं लिहिलं आणि नवं बाहेरचं युनिट उत्तरेच्या भिंतीवर बसवलं. तांब्याची नळी काही फूट जास्त लागली, तेवढे पैसे वाढले. पण उत्तरेला दिवसभर सावली, त्यामुळे यंत्रालाही बरं. आधीचं पश्चिमेचं ऊन खात बसलेलं असायचं. दुकानदार अदलाबदलीत जुना एसी त्याच दिवशी न्यायचा म्हणत होता. त्याला सांगितलं, किंमत थोडी कमी दे, पण महिन्या-दीड महिन्यानं ने. कुरकुरत कबूल झाला.

नवा घेताना पाहिलेलं थोडक्यात सांगते. आमची खोली दहा बाय बारा, वर आणखी एक मजला, म्हणून एक टन पुरला. टन म्हणजे एसीचं वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी खोलीतून बाहेर काढायची त्याची ताकद. गरजेपेक्षा मोठा घेतला तर वीज वाया. इन्व्हर्टर घ्या. जुना एसी म्हणजे दूध वर आलं की गॅस बंद करायचा आणि निवलं की पुन्हा पूर्ण फुलवायचा. इन्व्हर्टर आच बारीक करून ठेवतो. स्टारची पट्टी वाचताना नुसते तारे मोजू नका, वर्षाची युनिटं छापलेली असतात ती पाहा. ती १६०० तासांच्या हिशेबानं असतात. आणि ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, म्हणून दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजचे पाच नव्हेत. गॅस आर-३२ किंवा आर-२९० असलेला पाहा. दोन्ही ओझोनला निरुपद्रवी आहेत, तापमानवाढीचा भारही आर-२२ पेक्षा कमी, त्यातही आर-२९० चा अगदीच नगण्य. पण आर-३२ थोडा आणि आर-२९० चांगलाच पेट घेणारा, म्हणून तो हाताळायला शिकलेलाच माणूस बोलवा. बसवताना तुम्ही तिथं उभ्या राहा. गॅस सोडण्याआधी नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपानं काढायची असते, त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पुष्कळजण ते टाळतात. "पंप आणलाय ना?" एवढं विचारलं तरी काम सुधारतं.

रोजच्या निगेत मला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग पालींचा. बाहेरच्या युनिटमधलं इलेक्ट्रॉनिक कार्ड उबदार असतं, पाल तिथं शिरते, दोन टोकांना अंग लागतं, पाल मरते आणि कार्डही जातं. मुंग्यांचंही तसंच. मेकॅनिकला सांगून वायर आत जाते त्या भोकांना रबरी बूच आणि बारीक जाळी लावून घ्या. पाच-पन्नास रुपयांचं काम, त्यात एका जिवाचा जीव वाचतो आणि आपले काही हजार. चार-सहा महिने बंद असलेला एसी पहिल्यांदा चालू करण्याआधी टॉर्च लावून बाहेरच्या पंख्यात पाहावं, जाळीवर हळू टकटक करावी. गांधील माशीचं घर, पाल, चिमणी, काहीही असू शकतं. मुनी महाराज पिंछीनं जागा झाडून मगच बसतात, आपण एवढं करू शकतोच. पाण्याचा फवारा मारायला आलेल्या मुलालाही आधी पाहू द्या, मग मारू द्या.

आतली जाळी दर पंधरा दिवसांनी काढून आधी कोरड्या मऊ ब्रशनं झाडावी, मग थोड्या गाळलेल्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवून बसवावी. एसी बंद करण्याआधी दहा मिनिटं नुसत्या पंख्याच्या मोडवर ठेवा. कॉइल कोरडी होते, बुरशी धरत नाही. 'एसी लावला की कुबट वास येतो' ही तक्रार बहुतेक वेळा त्या ओल्या कॉइलचीच असते. आणि गळणारं पाणी बादलीत साठवत असाल तर रोजच्या रोज फरशी पुसायला वापरून बादली पालथी घाला. ते शिळं ठेवू नका.

एसीबरोबर गिझरचंही सांगायला हवं, कारण आपल्याकडची घर तापवायची सोय म्हणजे न्हाणीतलं गरम पाणीच. माहेरी शिरोळ तालुक्यात आमच्या आजीचा तांब्याचा बंब होता. ती प्रत्येक लाकूड अंगणात दोनदा आपटायची, किडे-मुंग्या पडून जाईपर्यंत थांबायची, मग बंबात घालायची. हिवाळ्यात आम्ही कुडकुडत उभ्या आणि आजीचं लाकूड आपटणं चालू. आज बटण दाबलं की झालं, पण काम उरतंच. बोअरच्या जड पाण्यानं गिझरच्या कॉइलवर क्षाराचा थर बसतो, मग तेवढ्याच पाण्याला जास्त वीज लागते. वर्ष-दोन वर्षांनी उघडून साफ करून घ्या, आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदला. ती स्वतः झिजून टाकीचा गंज वाचवते. थर्मोस्टॅट ७५ वर ठेवून निम्मं गार पाणी मिसळण्यापेक्षा ५५-६० पुरे. आमच्या गच्चीवर सोलर आहे, त्याच्या काचनळ्यांनाही हाच क्षार नडतो. आणि गॅस गिझर असेल तर कृपा करून तो बंद न्हाणीत नको. जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि दार लावून अंघोळ करणारी बाई जागच्या जागी बेशुद्ध पडते. गिझर न्हाणीच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवा, पाइप आत घ्या.

मंदिरात एसी बसवायचा का, यावर आमच्याकडे सध्या वाद चालू आहे. सभामंडपाला उंच छत आणि चार खिडक्या आहेत, त्या आधी उघडाव्यात, असं माझं मत. ते मी सभेतही सांगितलं आहे.

सासूबाईंची गेल्या वर्षीची रात्र दहा ते पाच अशीच गेली, पहाटे चक्कर एकदाही आली नाही. पाण्याचा नियम अभंग राहिला. पिल्लं मेच्या मध्याला उडाली. दोन दिवस वाट पाहून, रिकामं घरटं पाहून घेऊन मगच मेकॅनिकला बोलावलं. उरलासुरला गॅस त्यानं गोळा करण्याच्या सिलिंडरमध्ये काढून घेतला. भंगारवाल्याला दिला असता तर त्यानं करवतीनं नळी कापून सगळा हवेत सोडला असता. ती जागा धुतली, पण नाकातोंडाला ओलं फडकं बांधून. कबुतरांची वाळलेली विष्ठा फुप्फुसाला वाईट असते, कोरडी झाडू नये. नंतर त्याच दिवशी तिथं आणि नव्या युनिटच्या मागेही जाळी मारून घेतली. जाळी मारायची ती घरटं होण्याआधी.

मृग लागला तसा सासूबाईंनी स्वतः उठून एमसीबी खाली केला. नातीनं बाहेरच्या युनिटला प्लास्टिकचं कव्हर आणलं होतं, ते मी घालू दिलं नाही. पूर्ण झाकलं की आत वाफ धरते, गंज चढतो आणि पाली आसऱ्याला येतात. पावसाळ्यात वरून पत्र्याचा एक तुकडा पुरतो, बाजू मोकळ्या हव्यात.